जोडणावळ किती घ्यावी?

या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले, राज्यघटना ऐकली, पर्जन्यमानावरचे विवेचनही ऐकले. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच बाजारी आहे. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे सुटे भाग आणून संगणक जोडून देणाऱ्या कारागिराने आपल्या श्रमाचे किती पैसे घ्यावेत, एवढाच माझा प्रश्न. यात भारदस्त असे काही नाही. परंतु आपल्या शहरातील कित्येक तरुणांच्या पोटाशी तो निगडित आहे, आणि आपणही गिऱ्हाईक या नात्याने त्यात गुंतलेले आहोत.

आपल्या भाषेत दळण्याची दळणावळ असते, दागिन्याची घडणावळ असते, कपड्याची शिलाई असते. संगणक जोडण्याच्या मजुरीला मात्र अजून शब्द नाही. मी तिला जोडणावळ म्हणतो. ज्या कामाला नाव नाही त्याचे मोल मागताना माणसाची जीभ अडखळते, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी नातीच्या शिक्षणासाठी मी सावेडीतल्या एका होतकरू मुलाकडून संगणक करून घेतला. त्याने सर्व भागांच्या पावत्या माझ्यासमोर मांडल्या आणि जोडणावळ म्हणून सातशे रुपये मागितले. मला ते वाजवी वाटले. खरे सांगायचे तर स्वस्त पडल्याचा आनंदच झाला. पुढील दोन वर्षांत तो मुलगा माझ्या घरी नऊ वेळा आला. कधी छपाईयंत्र जोडून देण्यास, कधी आवाज येत नाही म्हणून, आणि एकदा तर केवळ वायर सैल झाली होती म्हणून. दर वेळी चहा घेऊन तो गेला. पैसे त्याने मागितले नाहीत व मीही दिले नाहीत. संगणक जोडण्याचे श्रम सोडून दिले तरी खेपेस त्याला सत्त्याहत्तर रुपये पडले, पेट्रोल त्याचेच. तिसऱ्या वर्षी दुकान बंद करून तो सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागला. आता वायर सैल झाली की मी टेबलाखाली स्वतः वाकतो. हा हिशेब मी तेव्हाच मांडावयास हवा होता.

हा धंदा निघाला कसा, हे थोडक्यात पाहू. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तो बहुतांशी इतरांनी बनविलेल्या तयार भागांचा होता आणि त्याची रचनाही कंपनीने छापून प्रसिद्ध केली होती. त्यामुळे कोणीही भाग आणावेत व जोडावेत, असे दार उघडले. १९८४ साली टेक्सास विद्यापीठातील मायकेल डेल या विद्यार्थ्याने एक हजार डॉलर भांडवलावर, वसतिगृहाच्या खोलीतून, मागणीप्रमाणे संगणक सजवून विकण्यास आरंभ केला. पुढे त्याची केवढी कंपनी झाली हे आपण जाणताच. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड या भागांची पेठ बनला, आणि तेथून पुण्यामार्गे ही विद्या नगरास आली. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, जुन्या तोंडाला अजून नगरच येते, त्याबद्दल क्षमा असावी.)

आरंभीच्या काळी जोडणावळ वेगळी मागण्याची गरजच नव्हती. मदरबोर्ड मुंबईस कितीला मिळतो हे गिऱ्हाइकास ठाऊक नसे. कारागीर चार पैसे भागांवर चढवी आणि वर ऐटीत सांगे, ‘जोडून फुकट देतो.’ गिऱ्हाईकही खूष होई. आज तोच माणूस दुकानात उभ्या उभ्या खिशातून फोन काढतो आणि त्याच भागाचा भाव तुम्हांला वाचून दाखवितो. कित्येकदा तो भाव कारागिराच्या खरेदीपेक्षाही खाली असतो. झाकलेला नफा अशा रीतीने गेला; फुकट जोडण्याची रीत मात्र राहिली.

सराफ पेढीवर याहून वेगळे काय घडते ते पाहा. सोन्याचा दर सकाळी वर्तमानपत्रात येतो, तो सर्वांस ठाऊक असतो. २०२१ च्या जूनपासून शुद्धतेचा हॉलमार्कही टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तरी सोनार उपाशी मरत नाही, कारण त्याची घडणावळ पावतीवर स्वतंत्र ओळीत लिहिलेली असते आणि ती देण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. त्या ओळीवर घासाघीस होते, पण ‘ही ओळ कशासाठी?’ असे कोणी विचारीत नाही. संगणक जोडणाऱ्याने ही ओळ प्रथम आपल्या पावतीवर आणली पाहिजे. आकडा किती, हा त्यानंतरचा प्रश्न.

आता आकड्याकडे वळू. पुढील रकमा मी उदाहरणादाखल धरल्या आहेत. ज्याने त्याने आपापल्या घालाव्यात. समजा, गाळ्याचे भाडे महिना ८,००० रुपये, वीज व इंटरनेट ३,०००, हत्यारे व प्रवास २,००० आणि घर चालविण्यास २५,०००. एकूण ३८,००० झाले. महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे २०८ तास. पण यांतले सगळे तास काही विकले जात नाहीत. निम्मा वेळ दुकान झाडण्यात, व्यापाऱ्यांस फोन करण्यात, आणि ‘नुसते विचारून जातो’ म्हणणाऱ्यांत जातो. उरले १०४ तास. ३८,००० ला १०४ ने भागले म्हणजे तासाला सुमारे ३६५ रुपये पडतात. आपण नोकरीच्या पगाराला २०८ ने भागून तासाचा दर काढतो आणि फसतो. स्वतंत्र कारागिराचा दर त्याच्या दुप्पट निघाला तर त्यात लोभ नाही.

एका संगणकास तास किती लागतात? ‘जोडायला दोन तास’ असे सांगण्याची पद्धत आहे. ते खरे आहे, पण तेवढेच खरे नाही. गिऱ्हाइकाची गरज समजून यादी करण्यात दीड तास, भाग मागवून तपासण्यात दीड, जोडणीचे दोन, प्रणाली चढवून यंत्र तापवून पाहण्याचे दोन, घरी नेऊन मांडून देण्याचा एक. आणि पुढील तीन वर्षांतील फोन व खेपा मिळून निदान चार. बेरीज बारा तास. बारा गुणिले ३६५ म्हणजे ४,३८० रुपये. यावर जोखमीची रक्कम हवी. प्रोसेसरच्या खाली शेकडो नाजूक टोके असतात. एक वाकले तरी मदरबोर्ड वाया जाऊ शकतो, आणि ते नुकसान कंपनी भरून देत नाही. पन्नास हजारांच्या भागांवर दोन टक्के, म्हणजे हजार रुपये, जोखमीसाठी राखावेत. जोडणावळ झाली ५,३८०. माझ्या त्या मुलाने सातशे घेतले होते.

‘मग सरळ दहा टक्के घ्यावेत, हिशेबाची कटकट कशाला?’ असे पुष्कळ जण म्हणतात. ही रीत सोपी आहे आणि घातकही आहे. तीस हजारांच्या साध्या यंत्रालाही जवळजवळ तेवढेच बारा तास लागतात. जोखीम सहाशे धरली तर खरा खर्च ४,९८० येतो आणि दहा टक्क्यांनी मिळतात ३,०००. उलट लग्नाची चित्रफीत संपादन करणाऱ्या स्टुडिओचे दीड लाखाचे यंत्र घ्या. त्याला फार तर तीन तास अधिक लागतील. पंधरा तासांचे ५,४७५ आणि जोखमीचे ३,००० मिळून ८,४७५ होतात, पण टक्केवारीने आपण मागतो १५,०००. हे मोठे गिऱ्हाईक बहुधा जाणकार असते. ते पहाटेची गाडी धरून लॅमिंग्टन रोड गाठते. तोट्याचे गिऱ्हाईक तेवढे आपल्याकडे उरते! म्हणून श्रमाचे पैसे तासावर घ्यावेत आणि टक्केवारी जोखमीपुरतीच ठेवावी.

तीस हजारांच्या यंत्रावर पाच हजार जोडणावळ जड होते, हे मलाही दिसते. त्यावर माझे मत असे आहे की अशा गिऱ्हाइकास बहुधा जोडलेल्या यंत्राची गरजच नसते. नुसते टंकलेखन व पत्रव्यवहार करावयाचा असेल तर मोठ्या कंपनीचे तयार यंत्र स्वस्त पडते, कारण ती कंपनी भाग आणि विंडोजचा परवाना घाऊक भावाने घेते. तेथे स्पर्धा करू नये. ‘हे तयारच घ्या, मी निवडून देतो आणि बसवून देतो,’ असे सांगून दोन-तीन तासांचे पैसे घ्यावेत. हा सल्ला देणारा दुकानदार पुढच्या वेळी मोठे काम मिळवितो.

विंडोजचा विषय निघालाच आहे. ‘ते काय, घालून द्या की,’ असे गिऱ्हाईक म्हणते, जणू काही भाजीबरोबरची कोथिंबीरच. चोरीची प्रत घालणे हा गुन्हा आहे, आणि पुढे यंत्र बिघडले की बोल कारागिरालाच लागतो. परवान्याची किंमत वेगळ्या ओळीत सांगावी. ती नको असल्यास लिनक्स मोफत आहे, आणि त्यावर मराठी उत्तम लिहिता येते.

कायद्याची एक गोष्ट या धंद्यातील फार थोड्यांना ठाऊक असते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. त्यात उत्पादकाची जी व्याख्या आहे, तिच्यात इतरांनी बनविलेले भाग जोडणाराही मोडतो. म्हणजे आपण स्वतःस मजूर समजत असलो तरी कायदा आपल्यास कारखानदार समजू शकतो. सदोष यंत्रापासून कोणास इजा झाली तर जबाबदारी आपल्यापर्यंत येऊ शकते. म्हणून वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, कधीही काटकसर करू नये. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, म्हणूनच तिच्यात पैसे वाचविण्याचा मोह होतो. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर विजेचा दाब दिवसातून किती वेळा वरखाली होतो हे मी सांगावयास नको. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, असे लेखी द्यावे. विजेने जळालेला भाग कंपनी सहसा बदलून देत नाही, हेही त्याच कागदावर यावे.

कराविषयी एवढेच सांगतो. केवळ माल विकणाऱ्यास वार्षिक ४० लाख आणि सेवा देणाऱ्यास २० लाख रुपये उलाढालीपर्यंत राज्यात जीएसटी नोंदणीची साधारणतः सक्ती नाही. नोंदणी असेल तर संगणकावर १८ टक्के कर आहे. भाव करासहित की कराविना हे तोंडी सौद्यातच स्पष्ट करावे. सगळी भांडणे तेथूनच निघतात.

भाव सांगताना मुदतही सांगावी. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत जगभर त्यांच्या किंमती भडकल्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरीच्या चिपा उचलल्या आणि रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. मायक्रॉन कंपनीने तर त्या डिसेंबरात, क्रूशियल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना मेमरी विकणे बंद करण्याची घोषणाच केली. दिवाळीत दिलेला भाव संक्रांतीला पाळणारा कारागीर प्रामाणिक खरा, पण तो नादार होईल. ‘हा भाव तीन दिवस’ असे यादीवर लिहावे आणि भागांची संपूर्ण किंमत आगाऊ घ्यावी. जोडणावळ काम झाल्यावर घेतली तरी चालेल.

राहिली नंतरची दुरुस्ती. आमच्या गावगाड्यात सुतार-लोहार वर्षभर शेतकऱ्याचे नांगर-पाभर नीट ठेवीत आणि सुगीला खळ्यावर बलुते घेत. घर बांधावयाचे वा नवी गाडी करावयाची तर त्याची मजुरी बहुधा निराळी ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची सविस्तर चर्चा आहे. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता, तिची आरती मला ओवाळावयाची नाही. परंतु नवे काम वेगळे आणि वर्षाची देखभाल वेगळी, हा भेद गावास कळत होता, तो आम्ही विसरलो. पहिल्या वर्षाच्या दोन खेपा जोडणावळीत धराव्यात. पुढे वार्षिक करार करावा किंवा खेपेचे पैसे घ्यावेत. तसे केले तर वरच्या हिशेबातील चार तासांचे दोन होतील आणि जोडणावळही सातशे-तीसने उतरेल. देखभालीला कमी लेखू नका. क्विक हीलचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून आरंभ केला, मग संगणकांच्या देखभालीची कामे घेतली. दुरुस्तीस येणारी यंत्रे विषाणूंनी ग्रासलेली असत, त्यावर बंधू संजय यांनी उपाय लिहिला आणि त्यातूनच ती कंपनी उभी राहिली.

आपल्या जिल्ह्यातील दूध घालणारा शेतकरी आपल्या दुधाचा भाव स्वतः ठरवू शकत नाही. ऊस घालणाराही नाही. संगणक जोडणारा ठरवू शकतो, निदान ठरविण्याचा प्रयत्न करू शकतो. हे स्वातंत्र्य तो भिडेखातर सोडून देतो, याचे मला वाईट वाटते.

भिडेवरून आठवले. मागील आठवड्यात एका तरुणाने मला विचारले, ‘मामा आणि मित्र यांच्याकडून काय घ्यावे?’ मी त्याला सांगितले, पावती पूर्ण रकमेची कर, खाली ‘सूट’ म्हणून ओळ लिही आणि वाटेल तेवढी वजा कर. मामा म्हणाले, ‘अरे, एवढी सूट कशाला?’ असे त्याने मला नंतर येऊन सांगितले. त्यांनी निम्मे पैसे तेथेच दिले.