बरे होणे म्हणजे काय?

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या काठी, तागाच्या गिरण्यांसाठी ओळखले जाणारे बजबज आहे. तेथील एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडून निकामी झाला, असे समजा. जखम भरली, तो घरी आला. पण तो बरा झाला काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली या प्रश्नाकडे पाहण्याची व्यापक रीत मान्य केली. अवयवाच्या शक्तीबरोबरच माणूस कोणती कामे करतो, चारचौघांत कितपत वावरतो आणि भोवतालची परिस्थिती त्याला साह्य करते की अडविते, हेही तीत पाहिले जाते. ते योग्यच आहे. मन खचले की व्यायाम सुटतो, व्यायाम सुटला की सांधे आखडतात, आणि सांधे आखडले की मन अधिकच खचते.

हे चक्र कामाने तुटते. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात याचा प्रत्यय येतो. कुष्ठरोग औषधाने बरा होतो. झडलेली बोटे मात्र परत येत नाहीत. तरीही तेथील माणसांनी शेती पिकविली, माग चालविले.

आपल्या कामगाराची जखम इस्पितळाने भरून दिली. तो बरा झाला की नाही, हे मात्र गिरणीच्या फाटकावर आणि घराच्या उंबरठ्यावर ठरावयाचे आहे.