गुरुजींचें राष्ट्रकुटुंब

पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशाचे पहिले अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांना त्यांचे देशबांधव कोणत्याहि बड्या पदवीपेक्षां 'म्वालिमू' या नांवानेंच अधिक ओळखीत. हा शब्द ऐकतांच आमच्या वाचकांना 'मुअल्लिम' आठवेल. अर्थ तोच, मास्तर, गुरुजी. राजकारणांत पडण्यापूर्वीं हे गृहस्थ खरोखरीच शाळामास्तर होते, आणि सत्तेच्या शिखरावर बसल्यावरहि त्यांची समजावून सांगण्याची संवय सुटली नाहीं. त्यांच्या भाषणांचे व लेखांचे तीन मोठे संग्रह प्रसिद्ध आहेत. पहिला 'स्वातंत्र्य आणि ऐक्य' (१९६६), दुसरा 'स्वातंत्र्य आणि समाजवाद' (१९६८), तिसरा 'स्वातंत्र्य आणि विकास' (१९७३). तिन्ही नांवांत स्वातंत्र्य हा शब्द आधीं येतो आणि प्रत्येक वेळीं त्याच्या शेजारीं कोणीतरी सोबतीण बसविलेली असते, ही गोष्ट आम्हांला मोठी सूचक वाटते. स्वातंत्र्य ही एकट्यानें नांदणारी देवता आहे असें न्येरेरे यांनीं कधींच मानलें नाहीं.

एवढ्या दूरच्या पुढाऱ्याचे विचार या पानांतून मांडण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण असें कीं, या माणसानें आपल्या साऱ्या राजकारणाचा पाया म्हणून जी संस्था निवडली ती कारखाना नव्हे, बाजार नव्हे, लष्कर नव्हे. ती एकत्र कुटुंब होय. ज्या घरांत एका चुलीवर पंधरावीस माणसांचा स्वयंपाक होतो त्या घरांतील मंडळींना या विचाराचें मर्म आणि त्यांतला धोका हीं दोन्हीं पुस्तकी पंडितांपेक्षां लौकर कळावींत, अशी आमची समजूत आहे.

न्येरेरे यांचा जन्म १३ एप्रिल १९२२ रोजीं व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेस असलेल्या बुतियामा या खेड्यांत झाला. वडील झनाकी नांवाच्या एका लहानशा जमातीचे नायक. त्यांना बावीस बायका होत्या, व आमच्या चरित्रनायकाची आई मुगाया ही त्यांतील पांचवी. जन्माच्या दिवशीं पाऊस पडला म्हणून पावसाशीं संबंध असलेल्या एका भूतदेवतेवरून मुलाचें नांव कांबारागे ठेवलें. ज्यूलियस हें नांव पुढें १९४३ सालीं बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालें. बाराव्या वर्षापर्यंत मुलानें शाळा पाहिली नव्हती. मग मुसोमा, टाबोरा, कंपाला येथील मॅकेरेरे कॉलेज अशा पायऱ्या चढत तो १९४९ सालीं एडिंबरो विद्यापीठांत गेला आणि १९५२ सालीं एम्. ए. होऊन परतला. बावीस सवतींच्या त्या संसारांत कुरबूर नसेल असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु जमीन सर्वांची, कोठार सर्वांचें, आणि उपाशी कोणी राहावयाचें नाहीं, हा जो संस्कार त्या मुलावर झाला तो एडिंबरोच्या थंडींतहि गोठला नाहीं.

त्या वेळीं त्याच्या देशाचें नांव टांगानिका होतें. पहिल्या महायुद्धापूर्वीं हा मुलूख जर्मनांचा. युद्धानंतर तो राष्ट्रसंघाच्या वतीनें इंग्रजांच्या हातीं आला. ७ जुलै १९५४ रोजीं न्येरेरे व त्यांचे सहकारी यांनीं 'टानू' हा राष्ट्रीय पक्ष स्थापन केला, आणि दुसऱ्याच वर्षीं शिक्षकाची नोकरी कीं राजकारण असा प्रश्न उभा राहिला तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली. पुढील सहा वर्षांत रक्तपात न होतां ९ डिसेंबर १९६१ रोजीं देश स्वतंत्र झाला. त्याच्या आधींची एक गोष्ट मात्र थोड्यांना ठाऊक असते. १९६० सालीं न्येरेरे यांनीं असें सुचविलें होतें कीं, केनिया, युगांडा व टांगानिका यांचें एक संघराज्य होणार असेल तर आपला देश शेजाऱ्यांसाठीं थांबावयास तयार आहे. दारांत आलेली लक्ष्मी शेजारणीसाठीं क्षणभर उंबऱ्यावर थांबवून धरणारा असा पुढारी आम्हांला दुसरा आठवत नाहीं. त्यांची भीति अशी होती कीं, एकदां वेगवेगळे झेंडे, वेगवेगळे मंत्री व वेगवेगळे वकील झाले म्हणजे मोठेपणाची चटक लागलेले लोक पुन्हां एकत्र येणार नाहींत. तें संघराज्य झालें नाहीं. तिघांनीं १९६७ सालीं केलेला संयुक्त कारभाराचा करारहि १९७७ सालीं मोडला.

देश स्वतंत्र होऊन अवघे सहा आठवडे होतात न होतात तोंच, २२ जानेवारी १९६२ रोजीं न्येरेरे यांनीं राजीनामा दिला व पक्षाचें काम नीट बसविण्यासाठीं ते खेडोपाडीं निघून गेले. त्याच वर्षीं त्यांनीं 'उजामा' नांवाची एक लहान पुस्तिका लिहिली. स्वाहिली भाषेंत 'जामा' म्हणजे नातलग, आप्तमंडळी. मूळ अरबी धातु तोच ज्यापासून आमचे जमात, जमाव, जमा हे शब्द आले. 'उजामा' म्हणजे आप्तभाव, कुटुंबपणा. न्येरेरे यांचें म्हणणें असें कीं, समाजवाद शिकण्यासाठीं आफ्रिकेला युरोपांतील वर्गयुद्धाच्या पोथ्या उघडण्याची गरज नाहीं. तिच्या जुन्या घरांत तो होताच. घरांतला वृद्ध कांहीं न करतां श्रीमंत दिसे खरा, पण तरुणपणीं त्यानें कष्ट उपसलेले असत, आणि त्याच्या नांवावर दिसणारी संपत्ति त्याची एकट्याची नसून ज्या गोतानें ती मिळविली त्या गोताचा वडील म्हणून ती त्याची म्हणावयाची. हें वाचतांना मिताक्षरेंतील कुटुंबाचा कर्ता कोणाच्या डोळ्यांपुढें येणार नाहीं? तोहि मालक नव्हे, व्यवस्थापक.

पण या घरांत आळशाला जागा नव्हती, हेंहि ते तितक्याच आग्रहानें सांगतात. पाहुण्याला दोन दिवस पाहुण्यासारखें वागवावें व तिसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं कुदळ द्यावी, अशा अर्थाची एक स्वाहिली म्हण त्यांनीं आधाराला घेतली आहे. आणि बहुधा पाहुणा स्वतःच ती मागून घेई, अशी पुस्तीहि जोडली आहे. आमच्याकडे पाहुणा महिनाभर राहिला तरी त्याला कुदळ दाखविण्याची छाती कोणा गृहिणीस होत नाहीं, हा भाग निराळा.

जुन्या घराचा एवढा अभिमान असूनहि त्यांनीं त्याचे दोष झाकले नाहींत, हें आम्हांला विशेष महत्त्वाचें वाटतें. १९६७ च्या एका निबंधांत ते स्पष्ट लिहितात कीं, त्या कुटुंबांत दोन उणिवा होत्या : एक दारिद्र्य आणि दुसरी स्त्रियांची अवस्था. त्याच वर्षींच्या अरूशा येथील जाहीरनाम्यांत तर हिशेबच मांडला आहे कीं, खेड्यांतील बाई दिवसाचे बारा-चौदा तास राबते, तिला रविवार नाहीं कीं सण नाहीं. आणि खेड्यांतला पुरुष मात्र अर्धें आयुष्य रजेवर असतो. राष्ट्राच्या धोरणाच्या कागदांत हें वाक्य घालावयास धैर्य लागतें. एकत्र कुटुंबाची थोरवी गाणारांनीं माजघरांतील घड्याळाकडे पाहावें, असें आमच्या घरांतून म्हटलें गेलें तर तें आम्ही किती शांतपणें ऐकून घेऊं?

ऐक्याच्या बाबतींत न्येरेरे यांना मिळालेलें यश निर्विवाद आहे. त्या देशांत सव्वाशेंच्या जवळपास जमाती. त्यांना जोडणारी स्वाहिली ही कोणत्याहि एका मोठ्या जमातीची मिरास नव्हती. ती व्यापाऱ्यांच्या व बाजाराच्या वाटेनें किनाऱ्यावरून आंत गेलेली. तिच्यांत हिशेबाला हिसाबू, वहीला दफ्तारी, दुकानाला दुका, गाडीला गारी आणि विम्याला बीमा म्हणतात, यावरून समुद्रापलीकडच्या आमच्या किनाऱ्याशीं तिचा किती जुना संबंध आहे तें दिसेल. न्येरेरे यांनीं तिला राष्ट्रभाषा केलें, व ती राज्यकारभारालाच नव्हे तर थोर वाङ्मयालाहि पुरी पडते हें दाखविण्यासाठीं अध्यक्षपदाच्या धांदलींत शेक्सपीअरच्या 'ज्यूलियस सीझर' व 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकांचीं भाषांतरें स्वतः केलीं. (दुसऱ्या नाटकाच्या नांवांतील व्यापाऱ्याचे त्यांनीं 'भांडवलवाले' केले, ही गुरुजींची थोडी खोडी.) १९६१ च्या ऑक्टोबरांत, काळ्या कातडीच्या लोकांनाच नागरिकत्व द्यावें असा सूर कायदेमंडळांत निघाला, तेव्हां त्यांनीं संतापून सांगितलें कीं, वंशावरून माणसाची लायकी ठरवावयाची असेल तर आमचें सरकार राजीनामा देईल. हिंदी वंशाचे अमीर जमाल पुढें कित्येक वर्षें त्या देशाचे अर्थमंत्री होते. १९६४ च्या जानेवारींत झांजिबार बेटावर रक्तरंजित क्रांति झाली. २६ एप्रिल रोजीं तें बेट व टांगानिका एक झालीं आणि त्या जोड्याचें नांव टांझानिया पडलें. संसार कुरबुरीचा असला तरी अजून टिकून आहे.

विकासाविषयींचे त्यांचे विचार एका प्रसंगानें चांगले उमगतात. १९६६ च्या ऑक्टोबरांत दारेसलामच्या विद्यार्थ्यांनीं सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध मोर्चा काढला. शिक्षणानंतर कांहीं काळ कमी पगारावर काम करावें लागणार, ही तक्रार. परकी अंमल बरा होता अशा अर्थाचा फलकहि त्यांत होता. न्येरेरे यांनीं सुमारें चारशें विद्यार्थ्यांना घरीं पाठविलें, आणि आपल्या वर्गाचे पगारच फार आहेत असें म्हणून स्वतःचा पगार शेंकडा २० नें कमी केला. चारच महिन्यांनीं, ५ फेब्रुवारी १९६७ रोजीं, अरूशाचा जाहीरनामा निघाला. बँका सरकारच्या झाल्या. पक्षाच्या व सरकारच्या वरिष्ठांनीं कंपन्यांचे भाग घेऊं नयेत, दोन पगार घेऊं नयेत, घरें भाड्यानें देऊं नयेत, असे नियम झाले. जाहीरनाम्याचा गाभा मात्र याहून खोल आहे. पैसा हा विकासाचें मूळ नसून परिश्रमाचें फळ आहे. परदेशी कर्जाचा खर्च शहरांत होतो आणि फेड मात्र शेतकऱ्याच्या कापसांतून व कॉफींतून होते. म्हणून शहरानें खेड्याचें रक्त शोषणें हीहि पिळवणूकच, हें त्यांनीं त्यांत मांडलें. पुढल्या वर्षींच्या एका लेखांत ते म्हणतात कीं, रस्ते व इमारती म्हणजे विकास नव्हे, तीं विकासाचीं साधनें. माणसाला कोणी दुसऱ्यानें विकसित करावयाचें नसतें, तो स्वतःच होतो. आणि याच ओघांत, उजामा गांवांत कोणालाहि सक्तीनें नेतां येणार नाहीं, हेंहि त्यांनीं निक्षून लिहिलें.

याच्या पुढचा भाग लिहितांना आमची लेखणी अडखळते. देशाच्या दक्षिणेस रुवुमा प्रांतांत कांहीं खेड्यांतील तरुणांनीं स्वतःच्या हौसेनें सामाईक शेती, शाळा व गिरणी चालविली होती. न्येरेरे यांच्या मनांतलें उजामा कोठें उतरलें असेल तर तें तेथें. पण हीं खेडीं कोणाच्या हुकुमांत नाहींत, हें पक्षाच्या वरिष्ठांना खुपलें, आणि १९६९ च्या सप्टेंबरांत त्यांची संघटना मोडून टाकण्यांत आली. त्यानंतर चार वर्षांनीं, १९७३ च्या नोव्हेंबरांत, गांवांत येऊन राहणें ही आतां विनंती नसून आज्ञा आहे, असें खुद्द न्येरेरे यांनींच जाहीर केलें. मुदत १९७६ अखेर. विखुरलेल्या वस्त्यांतून लक्षावधि माणसें मालमोटारींत घालून आंखलेल्या गांवांत आणलीं. कांहीं ठिकाणीं परत फिरूं नयेत म्हणून जुन्या झोंपड्या जाळल्या. शेतें मागें राहिलीं, झाडें मागें राहिलीं. १९७४ व ७५ सालीं पाऊसहि रुसला आणि धान्य परदेशांतून आणावें लागलें.

सर्व दोष पावसाचा किंवा महागलेल्या तेलाचा, असें म्हणणारे लोक आहेत. आमचें मत तसें नाहीं. भावांनीं एका चुलीवर जेवावें हें सुंदर आहे; पण वेगळा राहिलेला भाऊ शिपाई पाठवून आणला आणि पंक्तीला बसविला, तर त्या घरांत कोठार भरत नाहीं. न्येरेरे यांना हें कळत नव्हतें असें नव्हे; त्यांनींच तें पांच वर्षें आधीं छापलें होतें. शाळा, दवाखाना, नळ हे विखुरलेल्या झोंपड्यांना पुरवितां येत नाहींत आणि लोक मरताहेत, ही घाई त्यांच्या मनाला लागली होती. घाईचें कारण थोर होतें, एवढेंच त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल. त्यांच्या राज्यांत खटल्यावांचून अटकेचा कायदा १९६२ पासून होता आणि १९६५ पासून एकच पक्ष. त्यामुळें 'गुरुजी, हें चुकतें आहे' असें वर्गांतून मोठ्यानें म्हणणारें कोणी उरलें नव्हतें. १९७१ सालीं भाड्याच्या मोठ्या इमारती सरकारनें ताब्यांत घेतल्या, तेव्हां पुष्कळ हिंदी व्यापारी कुटुंबें देश सोडून गेलीं, हेंहि याच खात्यावर मांडावें लागेल.

जमेच्या बाजूला काय, तें त्यांनीं उतारवयांत एका मुलाखतींत सांगितलें. इंग्रज गेले तेव्हां देशांत शेंकडा ८५ प्रौढ निरक्षर होते, इंजिनियर दोन आणि डॉक्टर बारा. आपण सत्ता सोडली तेव्हां निरक्षर शेंकडा ९ वर आले होते व इंजिनियर-डॉक्टर हजारोंनीं तयार झाले होते. आंकडे त्यांचे आहेत. पण शाळा खेडोपाडीं पोंचली यांत शंका नाहीं.

१९८५ सालीं कोणी न ढकलतां ते अध्यक्षपदावरून उतरले. पुढें 'दक्षिणे'कडील गरीब राष्ट्रांच्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले. त्याचे चिटणीस आमचे डॉ. मनमोहन सिंग होते. अनेक पक्ष असावेत या मताला त्यांनीं १९९० नंतर स्वतःच पाठिंबा दिला. भारत सरकारनें १९९५ सालीं गांधी शांतता पारितोषिक सुरू केलें तेव्हां पहिला मान त्यांना दिला. या काळांत ते बुतियामाला शेती करीत आणि बायबलाचे भाग स्वाहिली पद्यांत उतरवीत. १४ ऑक्टोबर १९९९ रोजीं लंडनच्या रुग्णालयांत रक्ताच्या कर्करोगानें त्यांचें निधन झालें. दफन बुतियामा येथेंच, वडिलोपार्जित जागेंत झालें.