आकड्याच्या तराजूत बालकाची बुद्धी

शाळेकडून एक लिफाफा घरी येतो. आत बुद्धिमापन चाचणीचा अहवाल असतो आणि अहवालाच्या अखेरीस एक आकडा : ८६. त्या दिवसापासून घरातील भाषा बदलते. ‘थोरल्याला शिकवू, धाकट्याला दुकानात बसवू’ असा निर्णय बालक नऊ वर्षांचे असतानाच होऊन जातो. जणू पेढी चालविण्यास बुद्धी लागतच नाही! पाहुण्यांसमोर ‘हा आमचा जरा मंद आहे’ असे हसत हसत सांगितले जाते. थोरल्याचा आकडा १२४ आलेला असतो, म्हणून तो ‘हुशार’ ठरतो. दोन्ही मुले हे ऐकत असतात. तो आकडा कोठून आला, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मापाचा जन्म

या मापाचा जन्म पॅरिसमध्ये झाला. सर्वसाधारण वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना विशेष शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयापुढे होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली चढत्या काठिण्याच्या ३० कसोट्यांची एक मालिका त्यासाठी तयार केली. बिने यांचा हेतू साहाय्याचा होता, निवाड्याचा नव्हे. बुद्धी हे जन्मतः ठरलेले आणि कधीही न वाढणारे प्रमाण आहे, या मताचा त्यांनी १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट निषेध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचविले. पुतळ्याप्रमाणे स्तब्ध उभे राहण्याचा साधा खेळही त्यांत होता, कारण एकाग्रता ही सरावाने वाढते, अशी त्यांची धारणा होती.

१९११ साली बिने वारले. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकारास १००ने गुणून ‘बुद्ध्यंक’ रूढ केला. साहाय्यासाठी बनविलेल्या मापाचा आता शिक्का झाला.

शिक्क्याची किंमत

या शिक्क्याची किंमत व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक या तरुणीने मोजली. बिने-पद्धतीच्या चाचणीवरून ती व तिची माता ‘मंदबुद्धी’ ठरविण्यात आल्या. तिची कन्या व्हिव्हियन हिच्यावर तर ती अवघ्या काही महिन्यांची असतानाच, केवळ पाहून, तोच शिक्का मारण्यात आला. तीन पिढ्या सदोष आहेत, या आधारावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली कॅरीच्या सक्तीच्या वंध्यीकरणास मान्यता दिली. पुढे व्हिव्हियन शाळेत गेली, व्यवस्थित शिकली आणि एकदा तिचे नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीतही आले. आठव्या वर्षी आजाराने तिचे निधन झाले. शिक्का खोटा होता. परंतु त्याच्या आधारे केलेली हिंसा परत घेता येणार नव्हती.

वरच्या टोकालाही हे माप चुकलेच. टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील १५०० हून अधिक ‘प्रतिभावान’ मुले निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास आरंभिला. त्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले अपुऱ्या गुणांमुळे वगळली गेली. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, एकास १९५६ साली, दुसऱ्यास १९६८ साली.

आपण व्यापारी आहोत. तराजूचा स्वभाव आपणास ठाऊक आहे. पारड्यात जे ठेवले तेवढेच तो तोलतो आणि त्याची पडताळणी वेळोवेळी करून घ्यावी लागते. बुद्धिमापनाचेही तसेच आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी बिने-चाचणीचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० सालचा आहे आणि ती चाचणी आजही वापरली जाते. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुलांवरून ठरविलेली वजने आजच्या मुलास कितपत लागू पडतील, याचा विचार नको काय? शिवाय थकवा, भीती, अपरिचित भाषा यांमुळे त्याच मुलाचा आकडा दुसऱ्या दिवशी चार-पाच गुणांनी सहज बदलू शकतो. चिकाटी, सचोटी, माणसे ओळखण्याची नजर यांचे माप तर त्यात नसतेच.

अपेक्षेचे बळ

रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन ‘ही यंदा विशेष प्रगती करतील’ असे सांगण्यात आले. वस्तुतः ती नावे यदृच्छेने निवडलेली होती. तरीही वर्षाअखेर, विशेषतः पहिल्या दोन इयत्तांत, त्या मुलांचे गुण इतरांपेक्षा अधिक वाढले. या परिणामाच्या प्रमाणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु मोठ्यांची दृष्टी मुलापर्यंत पोहोचते, हे कोणत्याही मातेस प्रयोगावाचूनही पटेल. ‘हुशार’ हा शिक्काही निरुपद्रवी नाही. तो जपण्यासाठी मूल अवघड प्रश्नच टाळू लागते.

आपले शास्त्र काय सांगते?

ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे. न्यूनाधिक असते ते ज्ञानावरणीय कर्माचे आवरण, आणि आवरण दूर होऊ शकते. माषतुष मुनींची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ‘मा रुष, मा तुष’ एवढे दोन शब्दही त्यांच्या स्मरणात राहत नसत. लोक हसत, ते मात्र समभाव सोडीत नसत. आणि त्यांनाच केवलज्ञान प्राप्त झाले. दिगंबर परंपरेत शिवभूती मुनींची कथा हेच सांगते : उडदापासून टरफल वेगळे होताना पाहून त्यांना देह व आत्मा यांचा भेद उमगला. या मुनींचा बुद्ध्यंक कोणी काढला असता तर?

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाची कारणे सांगितली आहेत. दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणे हे त्यांपैकी एक आहे. ‘तुला जमणार नाही’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्याने हे आठवावे.

मग करावे काय?

चाचणी टाकाऊ नाही. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण ओळखण्यास आणि परीक्षेत योग्य सवलत मिळविण्यास तिचा उपयोग होतो. म्हणून चाचणी कोणत्या भाषेत झाली, तिचे प्रमाणीकरण केव्हाचे आहे, हे तज्ज्ञांना विचारावे. ‘आकडा किती?’ याऐवजी ‘याला साहाय्य कोणते हवे?’ असे विचारावे. अहवाल पाहुण्यांत वाचू नये, भावंडांत तुलना करू नये, आणि काही काळाने पुन्हा पाहणी करावी.

येत्या ज्ञानपंचमीस आपण पोथ्यांची पूजा करू. त्या पोथ्यांसमोर हात जोडून बसलेल्या आपल्या लहानग्याकडेही त्या दिवशी एकदा आकडा विसरून पाहावे.