शंभरात १४ की ८६?

गेले दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ उदास वाटत होते का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडाले आहे का? दोन्हींना ‘नाही’ असे उत्तर आले की नैराश्याचा भाग तिथेच संपतो. एकाला जरी ‘हो’ आले तर पुढचे प्रश्न सुरू होतात : झोप, भूक, थकवा, अपराधी वाटणे, मरणाचे विचार. नऊपैकी पाच लक्षणे भरली, तर त्या माणसाची नोंद होते. चार भरली, तर नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत घरोघरी जाऊन अशी विचारपूस केली. ३४,८०२ प्रौढांच्या उत्तरांतून निघालेला आकडा असा : १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि आयुष्यात कधीतरी तो होऊन गेलेले धरले तर १३.७ टक्के. महानगरांत हे प्रमाण खेड्यांच्या दुपटीहून जास्त.

पण खरी गंमत स्त्री-पुरुषांच्या आकड्यांत आहे. नैराश्य आणि चिंतेचे विकार बायकांमध्ये अधिक आढळतात, हे जगभर दिसते, आपल्याकडेही दिसले. तरी एकूण प्रमाण पुरुषांत १३.९ टक्के आणि स्त्रियांत ७.५ टक्के! हे उलटे कसे झाले? दारूमुळे. दारूच्या व्यसनाचा विकार पुरुषांत ९ टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्का. तो यादीत धरल्याबरोबर पारडे फिरले. तंबाखूचे व्यसन मात्र या १०.६ टक्क्यांत धरलेलेच नाही. ते एकटेच २०.९ टक्के भरते. म्हणजे तंबाखू आत घेतली असती, तर मथळ्यातला आकडा निराळाच छापून आला असता.

आता दुसरे टोक. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा संशोधक आजतागायत पाठपुरावा करत आहेत. अकराव्या वर्षापासून पंचेचाळिशीपर्यंत नऊ वेळा त्यांच्या मनाची तपासणी झाली. तेव्हा ८६ टक्के लोकांना कधी ना कधी एखादा मनोविकार झाल्याचे निघाले. (आपले १४ आणि त्यांचे ८६, बेरीज बरोबर शंभर. निव्वळ योगायोग!) न्यूझीलंडची माणसे आपल्यापेक्षा सहापट दुःखी आहेत, असा याचा अर्थ लावणे भाबडेपणाचे होईल. विशीतले सहा वाईट महिने चाळिशीतल्या माणसाला नीट आठवतातच असे नाही. त्यातून दारात उभ्या अनोळखी माणसाला, घरातली चार माणसे ऐकत असताना, ते सांगणे तर आणखी अवघड. म्हणून एकदाच विचारून काढलेला ‘आयुष्यभराचा’ आकडा बहुधा कमीच भरतो.

निम्हान्सच्या पाहणीतला एक आकडा मात्र अशा फरकांनी फारसा हलणारा नाही. विकार असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघाले. दारूच्या व्यसनात ते ८६ टक्के होते. दर लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ केरळात १.२, मध्य प्रदेशात जेमतेम ०.०५.

त्या १२ राज्यांत गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगडही होता. महाराष्ट्र नव्हता. तेव्हा आपल्याकडच्या भाषणांत आणि बातम्यांत जो ‘दहांत एक’ ऐकू येतो, तो शेजाऱ्यांच्या घरी मोजलेला आहे.