टर्नटेबलचे पाये : औषधाआधी निदान

उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची एलपी आपल्या इंदूरच्या कित्येक घरांत आजही जपून ठेवलेली आढळते. असा ठेवा वाजवताना सुई एकदा उडाली, तर चरावरचा ओरखडा कायमचा राहतो. म्हणूनच टर्नटेबलखालच्या पायांचा विचार मला क्षुल्लक वाटत नाही.

तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ मायक्रॉन. सुईला टिपावे लागणारे सूक्ष्म हेलकावे त्याहूनही लहान असू शकतात. साहजिकच स्पीकरची थरथर फळीमार्गे सुईपर्यंत पोहोचली, की तीही वाजू लागते. तंबोऱ्याचा खर्ज गढुळतो. आवाज वाढवल्यास यंत्र घुमू लागते.

बाजारात यासाठी महागडे पाये मिळतात. टेनिसचा चेंडू कापून त्याच्या वाट्या पालथ्या मांडणे, हा स्वस्त उपाय. मला मात्र दुसरा अधिक मानवतो : लहान मुलाच्या सायकलची ट्यूब जेमतेम फुगवावी, तिच्यावर ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा व त्यावर टर्नटेबल समपातळीत ठेवावे.

यामागचे शास्त्र सोपे आहे. आधार वजनाने २.५ मिलिमीटर दबला, तर त्याची स्वाभाविक कंपने सेकंदाला सुमारे १०. १ सेंटिमीटर दबला, तर सुमारे ५. रबर प्रत्यक्षात थोडे अधिक ताठर वागते. या संख्येच्या साधारण दीडपटीपुढची कंपने अडतात. तिच्या आसपासची मात्र उलट वाढतात. टोनआर्मची स्वतःची कंपने बहुधा ८ ते १२ असतात. तेव्हा टणक, कमी दबणारे पाये अपायच करतील. जुन्या वाड्यातील लाकडी तक्तपोशीवर पावलांनी सुई उडत असेल, तर मऊ पायांपेक्षा भिंतीत ठोकलेली फळी श्रेयस्कर.

तेव्हा औषधाआधी निदान! औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली; तीच येथे वापरावी. तबकडी थांबलेली असताना सुई अलगद टेकवावी, आवाज बेताचा ठेवावा आणि फळीवर हलकेच टिचकी मारावी. पाये बसवण्यापूर्वी व नंतर ऐकू येणाऱ्या ठोक्यांची तुलना करावी. फरक नसेल, तर पाये काढून टाकावेत. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरखाली असे पाये देऊन मला कधीही फरक ऐकू आलेला नाही. प्लासिबोचा गुण आपण डॉक्टर चांगला ओळखतो. आपल्या कानांनाही तोच निकष लावावा.