टर्नर सिंड्रोमच्या मुली : उंचीबरोबर मनाचीही तपासणी हवी

मुलीची उंची वाढत नाही, वय पंधरा उलटले तरी पाळी येत नाही, असे झाले की घरात काळजी सुरू होते. मग आईने गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याची चर्चा होते. देवऋषीही गाठला जातो. परंतु यामागे टर्नर सिंड्रोम ही जन्मजात अवस्था असू शकते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे, डॉक्टर नव्हे. तरीही या विषयावर जे वाचले व समजून घेतले, ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. मुलींमध्ये त्यांपैकी दोन 'एक्स' असतात. टर्नरमध्ये त्यांतले एक पूर्णपणे किंवा काही अंशी नसते. अमेरिकेतील डॉ. हेन्री टर्नर यांनी १९३८ साली या मुलींची लक्षणे मांडली व १९५९ साली गुणसूत्राचे कारण उघड झाले. जन्मणाऱ्या सुमारे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला ही अवस्था असते. हा आईचा दोष नाही, बापाचाही नाही. रक्ताच्या कॅरियोटाइप तपासणीने निदान होते. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड व कान तपासावे लागतात. उंचीसाठी आणि वयात येण्यासाठी हार्मोनचे उपचार आहेत.

हे झाले शरीराचे. मनाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक या बहुतेक मुलींची बुद्धी सर्वसाधारण असते. बोलणे, वाचणे चांगले असते. अडते ते गणितात, भूमितीत, नकाशा समजण्यात. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव काहींना चटकन कळत नाही. लक्ष टिकत नाही, मनात भीती राहते. कानाने कमी ऐकू येत असेल तर 'हिचे लक्षच नसते' असा शेरा बसतो. वर्गात 'ढ', मैत्रिणींत 'बुटकी', आणि घरी तिच्यादेखत 'हिच्या लग्नाचे कसे होणार?' हे ऐकत वाढणारी मुलगी मिटून जाते आणि शाळाही सोडते.

म्हणूनच २०१६ साली अमेरिकेत सिनसिनाटी येथे जमलेल्या तज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात सांगितले, की या मुलींच्या विकासाची व वागणुकीची चाचपणी मोठे होईपर्यंत दरवर्षी व्हावी आणि शिक्षणाच्या महत्त्वाच्या टप्प्यांवर सविस्तर मानसिक चाचणी घ्यावी. अडचण लवकर कळली तर शिकवण्याची पद्धत बदलता येते व समुपदेशनाने धीर देता येतो.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करते. त्याच्या मूळ ३० आजारांच्या यादीत टर्नरचे नाव नाही. परंतु शिकण्यातील अडचण, लक्ष न टिकणे, पाळी लांबणे, उदास वाटणे यांची दखल घेण्याची सोय त्यात आहे. या खुणा एकाच मुलीत दिसल्या आणि उंचीही खुंटली असेल, तर पथकाला ते एकत्र सांगणे हे पालक-शिक्षकांचे काम आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंत गावे दूरदूर पसरली आहेत. मोठ्या तपासणीसाठी नगरचे जिल्हा रुग्णालय, लोणीचे प्रवरा रुग्णालय किंवा पुणे गाठावे लागते. तेथे जाण्यापूर्वी उंची-वजनाची वहीतील नोंद, प्रगतिपुस्तक व शिक्षकांचे म्हणणे बरोबर न्यावे. पासबुकात नोंदी असल्या की हिशेब लगेच लागतो, तसेच हे आहे. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

मुलीची किंमत तिच्या उंचीवर किंवा तिला मूल होईल की नाही यावर ठरत नाही. टर्नर असलेल्या मुली शिकतात, नोकरी करतात, संसारही करतात. त्यांना लाजेने घरात कोंडू नये. वर्षातून एकदा उंची मोजताना शेजारी बसून 'बाळा, शाळेत कसे वाटते?' हेही विचारावे, आणि ती सांगेल ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, एवढीच आमची सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे.