गुणांमधले ‘कमी-अधिक’

रक्तदाब मोजताना डॉक्टर बरेचदा दोनदा मोजतात. आधी १३८ येतो, पाच मिनिटांनी १३०. कुणी दचकत नाही. मोजमाप म्हटले की थोडे कमी-अधिक असायचेच. मग परीक्षेच्या गुणांबाबतच आपण इतके ठाम कसे असतो?

‘नीट’चेच घ्या. सोडवायचे प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला वजा एक. समजा, एका मुलीला दहा प्रश्न अजिबात येत नव्हते आणि तिने चार पर्यायांतला एकेक अंदाजाने निवडला. चार उत्तरे जुळली तर तिला १० गुण मिळतात. एकच जुळले तर उलट पाच गुण कापले जातात. अभ्यास तोच, मुलगी तीच, फरक १५ गुणांचा! यात आदल्या रात्रीची अपुरी झोप आणि मे महिन्यातला उकाडा धरलेलाच नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून नेमके कोणते प्रश्न निघाले, हाही योगायोगच. याला मापनातील त्रुटी म्हणतात. उत्तम काढलेल्या परीक्षेतही ती असतेच.

२०२४ मध्ये एका प्रश्नाने काय होते ते देशाने पाहिले. अणूंविषयीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरली होती. एक ‘एनसीईआरटी’च्या जुन्या पुस्तकानुसार, दुसरे नव्या. पैकीच्या पैकी गुण मिळालेले ६७ जण होते, त्यांतील ४४ जणांना या प्रश्नाचा लाभ झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. सुधारित निकालात ७२० गुणांचे १७ जणच उरले. मुलांचे ज्ञान मात्र रात्रीतून बदलले नव्हते.

म्हणून परीक्षाच नको, असे मी म्हणणार नाही. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असली की तोंड पाहून गुण देता येत नाहीत (पेपरफुटीचा विषय निराळा). ६५० आणि ४०० गुणांतला फरक ही परीक्षा भरवशाने दाखवते. ६१२ आणि ६०८ यांतला नाही. तरीही एवढ्या चार गुणांच्या अंतरात हजारो मुले असतात आणि कुणाला सरकारी महाविद्यालय मिळणार, कुणाच्या घरी खासगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी कर्ज काढावे लागणार, हे तिथेच ठरते.

जागा मोजक्या असल्यावर रेष कुठेतरी ओढावी लागणारच. पण ती किती जाड आहे हे सांगायला काय हरकत आहे? अमेरिकेतल्या ‘सॅट’च्या निकालात गुणांसोबत एक पट्टाही दिलेला असतो: पुन्हा परीक्षा दिली तर गुण साधारण या मर्यादेत येतील, असा. आपल्या निकालपत्रावर गुण असतात, पर्सेंटाइल असते, अखिल भारतीय क्रमांक असतो; तो पट्टा नसतो. आणि चार गुण कमी पडले म्हणून मुलगा ‘रिपीट’चे वर्ष काढायला पुन्हा लातूरला खोली घेऊन राहतो.